पाण्याचं रॉकेट सरळ उडवायचं असेल तर पंप शेवटी हातात घ्या

दिवाळीत काडी मोडलेला बाण ज्यानं एकदा तरी पेटवलाय, त्याला या लेखातलं निम्मं आधीच माहीत आहे. दारू तीच, वात तीच, खाली ठेवलेली बाटलीही तीच. फक्त काडी मोडली, आणि बाण आभाळात जायचं सोडून समोरच्या काकूंच्या गॅलरीत. काडी बाणाला ढकलत नाही. ती मागं लोंबत राहते, आणि तेवढंच तिचं काम असतं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप आहे. भाच्याला शाळेच्या प्रदर्शनासाठी पाण्याचं रॉकेट हवं होतं, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडं पाणी घालून, तोंड खाली करून, पंपानं हवा भरून उडवायचं; तिथून हा नाद लागला. प्रदर्शन संपलं, भाचा कॉलेजात गेला, नाद माझ्याकडंच राहिला. आता रविवारी सकाळी शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला एका मित्राच्या रानात आम्ही चार-पाच जण जमतो. नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती पौंड हवा मारायची?" मी म्हणतो, हवेचं नंतर बघू, आधी तुझी बाटली बोटावर तोलून दाखव.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. आमचं पहिलं रॉकेट दिसायला लई भारी होतं. भगवी टोपी, पुठ्ठ्याचे तीन पंख, वर चमकीचा कागद. पन्नास पौंड हवा मारली. वीस-पंचवीस फूट झकास गेलं, मग आडवं झालं आणि कोलांट्या खात शेजारच्या उभ्या उसात पडलं. आम्हाला वाटलं, हवा कमी पडली. दुसरं केलं, साठ पौंड मारली. तेही तसंच कोलांटलं, फक्त आणखी दहा सऱ्या पलीकडं. हवा वाढवून वाकडं रॉकेट सरळ होत नाही, ते लांब जाऊन वाकडं होतं. ती दोन्ही रॉकेटं तोड आली तेव्हा पाचटात सापडली. दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या आडसाली उसात शिरलेली वस्तू तोडणीची टोळी येईपर्यंत मिळत नसते, हा आणखी एक धडा.

दोन बिंदूंची गोष्ट

हवेत सुटलेली वस्तू कलंडते ती स्वतःच्या तोलाभोवती. रॉकेट आडवं करून एका बोटावर ठेवा. जिथं ते न कलता राहतं तो त्याचा तोलबिंदू. पुस्तकात त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. दुसरा बिंदू डोळ्यांना दिसत नाही. रॉकेट किंचित तिरकं झालं की समोरून येणारी हवा त्याला बाजूनं दाबते, आणि तो सगळा दाब मिळून जणू एकाच जागी लागतो. ती जागा म्हणजे दाबबिंदू.

आता एखाद्या जुन्या इमारतीच्या माथ्यावरचा वातकुक्कुट, म्हणजे वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, आठवा. त्याची खीळ पुढच्या बाजूला असते आणि शेपटीचा पत्रा मागं, मोठा. वारा पत्र्याला ढकलतो, पत्रा मागं जातो, चोच वाऱ्याकडं राहते. रॉकेटला खीळ नसते, तिची जागा तोलबिंदू घेतो. तोलबिंदू पुढं आणि दाबबिंदू मागं असेल तर रॉकेट तिरकं झालं की हवाच त्याला परत सरळ करते. उलटं असेल तर तिरकं झालेलं रॉकेट हवा आणखी तिरकं करते, आणि मग ते कोलांट्या खातं. दोन्ही बिंदू एकाच जागी आले तर ते हवेत डुलत राहतं, कुठं जाईल याचा नेम नाही.

या दोन बिंदूंमध्ये किमान बाटलीच्या व्यासाएवढं अंतर ठेवायचं, ही जगभर चालणारी जुनी रीत आहे. बाटली ९ सेंटिमीटर रुंद असेल तर तोलबिंदू दाबबिंदूच्या ९ सेंटिमीटर पुढं. दीडपट असलं तरी चालेल. खूपच जास्त ठेवलं तर काय होतं ते पुढं सांगतो.

"पण मामा, आत पाणी असतंय की, मग तोल कुठला धरायचा?" हा प्रश्न भाच्यानं विचारला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, आणि उत्तर येत नव्हतं. उत्तर असं. उभ्या रॉकेटमध्ये पाणी तळाशी, म्हणजे तोंडाकडं असतं, त्यामुळं सुटताना तोलबिंदू खाली असतो. पण उघड्या तोंडाच्या बाटलीतून पाव-अर्धा लिटर पाणी बाहेर पडायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पापणी लवायच्या आत पाणी संपतं. त्यानंतरचे चार-पाच सेकंद जे उडतं ती रिकामी, हलकी बाटली. म्हणून तोल नेहमी रिकाम्या रॉकेटचा बघायचा. पाणी असतानाच्या त्या क्षणासाठी लाँचरचा, म्हणजे रॉकेट ज्यावरून सुटतं त्या उभ्या सांगाड्याचा, आधार पुरतो.

सामान

बाटली गॅसच्या कोल्ड्रिंकचीच घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, दाब धरायला ती केलेलीच नसते. नव्या माणसानं १.२५ लिटरच्या बाटलीवर सुरुवात करावी. एकाच मापाच्या दोन लागतील: एक अखंड, जिच्यात हवा भरायची, आणि एक कापायला. कंबरेत बारीक असलेली नको, सरळ अंगाची बघा. पंख कंबरेवर कधीच सरळ बसत नाहीत.

पंखांसाठी पुठ्ठा विसरा. पहिल्याच उड्डाणात भिजतो आणि पापडासारखा मऊ पडतो. सनपॅक घ्या, तो पन्हाळीसारख्या नळ्या असलेला प्लॅस्टिकचा पत्रा. कोल्हापुरात सनपॅक विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही. कुणाचा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी फलकवाल्याकडं जाऊन मागायचा. आमच्या एका रॉकेटच्या पंखावर एका भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा आणि "हार्दिक" एवढंच होतं. ते रॉकेट फार सरळ उडायचं.

बाकी एक टेनिस बॉल, रुंद चिकटपट्टी, स्केचपेन, कटर, मजबूत दोरा, आणि वजनकाटा. घरी काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. दुकानदार आधी हसतो, मग त्यालाच उत्सुकता लागते.

पंख

दुसऱ्या बाटलीचा मधला सरळ भाग १२ सेंटिमीटर लांबीचा कापून घ्या. शॉपच्या भाषेत ही आपली स्लीव्ह. पंख हिच्यावर बसवायचे, हवेच्या बाटलीवर नाही. कारण दोन आहेत. गरम ग्लू किंवा सँडपेपर हवेच्या बाटलीला लावला तर प्लॅस्टिक तिथं कमजोर होतं, आणि दाबाखाली बाटली तिथूनच फाटते. शिवाय दाब भरला की बाटली किंचित फुगते. तिच्या अंगावर घट्ट चिकटवलेला पंख त्या फुगण्यानंच सुटून येतो. आमचा एक पंख हवा भरताना "टक्" करून निघाला आणि तसाच लटकत होता. आम्ही तरी उडवलं, आणि त्याचं जे व्हायचं ते झालं.

स्लीव्ह उभी एक चीर देऊन हवेच्या बाटलीवर चढवायची. निम्मी बाटलीच्या सरळ अंगावर, निम्मी तोंडाकडं खाली लोंबती, घागऱ्यासारखी. असं केलं की पंख शक्य तेवढे मागं जातात. पंख मागं म्हणजे दाबबिंदू मागं. दिवाळीच्या बाणाची काडी हेच करते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनाही लांब बांबू बांधलेले असत, ते त्याचसाठी.

पंख तीन पुरतात. प्रत्येक मुळाशी १२ सेंटिमीटर, बाहेरच्या कडेला ६, आणि बाहेर ९ सेंटिमीटर निघालेला. चार केले तरी चालतात, पण मग चारही सरळ बसवायचं काम वाढतं. कापताना एक बघा: सनपॅकच्या नळ्या मुळापासून बाहेरच्या टोकाकडं जायला हव्यात. नळ्या बाटलीला समांतर राहिल्या तर पंख मुळाशी वहीच्या पानासारखा दुमडतो. हातात धरून हलवला की फरक लगेच कळतो.

आता सरळपणा. इथं घाई केली की पुढचं सगळं वाया. कागदाची पट्टी स्लीव्हभोवती गुंडाळून जिथं मिळते तिथं कापा, तिला दोन घड्या घालून तीन सारखे भाग करा, परत गुंडाळा आणि तीन खुणा करा. खुणेवरून लांबीची सरळ रेघ मारायची असते, आणि नुसत्या पट्टीनं ती मारली की गोल अंगावर हमखास तिरकी जाते. आम्ही अँगलचा तुकडा वापरतो. लोखंडी अँगल स्लीव्हवर उपडा टेकवला की त्याच्या दोन्ही कडा आपोआप अंगाला समांतर बसतात. कडेनं रेघ ओढायची. घरी अँगल नसेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात स्लीव्ह दाबून धरा आणि कोपऱ्याच्या कडेनं रेघ मारा.

पंख चिकटवल्यावर रॉकेट डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून मागून बघा. तिन्ही पंखांच्या नुसत्या कडा दिसायला हव्यात. एखाद्याचा पृष्ठभाग दिसला तर तो तिरका आहे. उचकटा, परत लावा. आमच्यात एक जण "जरासं तर आहे" म्हणून तसंच ठेवायचा. त्याचं रॉकेट दर वेळी जिलबी काढायचं.

मुद्दाम तिन्ही पंख एकाच बाजूला थोडे तिरके लावून रॉकेट भोवऱ्यासारखं गरगरवताही येतं. इंग्लंडच्या विल्यम हेलनं १८४४ मध्ये काडी काढून टाकून, फिरण्याच्याच जोरावर सरळ राहणारं रॉकेट आणलं होतं. पण फिरण्यात जोर खर्च होतो, उंची जाते, आणि तोल चुकलेला असेल तर तो झाकला जातो. आधी न फिरता सरळ जाणारं करा.

नाक

दुसऱ्या बाटलीचा वरचा, खांद्याचा भाग उरलाय. त्याचं तोंड कापून साधारण ६ सेंटिमीटरचं भोक ठेवा. टेनिस बॉल साधारण ६.७ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे आतून घातला की तो भोकात अडकून अर्धवट बाहेर डोकावतो. मागून स्पंज किंवा कागदाचे बोळे कोंबून वरून पट्टी मारा. मग ही टोपी हवेच्या बाटलीच्या बुडावर चढवा आणि पट्टीनं पक्की करा.

टेनिस बॉल का? एक, त्याचं वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या दरम्यान असतं आणि आपल्याला टोकाशी तेवढंच हवंय. दोन, तो मऊ आहे. चांगलं तोललेलं रॉकेट खाली येतानाही नाक पुढं करूनच येतं, तीस-चाळीस मीटरवरून सुटलं की ताशी ७०-८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं. भाच्यानं एकदा माझ्या नकळत टोपीत शॉपमधले चार नट भरले होते. रॉकेट सुंदर गेलं आणि परत येऊन सरीत वीतभर रुतलं. त्या दिवशी मी त्याला रागावलो, आणि रात्री त्या खड्ड्याच्या आठवणीनं मला झोप आली नाही. नाकात लोखंड, दगड, काच काहीही घालायचं नाही. शाडू वापरलात तर तो स्पंजमध्ये गुंडाळून घाला, वाळला की दगडच होतो.

टोपी सरळ बसली का हे बघायला रॉकेटचं सरळ अंग टेबलाच्या कडेवर ठेवून, पंख बाहेर काढून गोल फिरवा. बॉल एका जागी फिरला तर ठीक. वर-खाली गेला तर आमच्या लेथच्या भाषेत जॉब आउट चालतोय, म्हणजे मध्य सोडून फिरतोय. सोडवून परत बसवा.

मोजमाप

या मापानं आम्ही केलेल्या एका रॉकेटचे आकडे देतो, म्हणजे ताडून बघता येतील. सगळी मापं बाटलीच्या तोंडापासून, म्हणजे रॉकेटच्या शेपटीकडून घेतली आहेत. एकूण लांबी ४६ सेंटिमीटर, व्यास ९.

टोपी लावली पण बॉल घातला नव्हता तेव्हा वजन ८१ ग्रॅम भरलं आणि तोलबिंदू १५ सेंटिमीटरवर आला.

मग दाबबिंदू. रॉकेट पुठ्ठ्यावर आडवं ठेवलं, एक पंख वर आभाळाकडं, दोन दोन बाजूंना. पेन्सिल उभी धरून सगळी बाह्यरेषा पुठ्ठ्यावर उतरवली, बॉलच्या टोकासकट. ती आकृती कापून पट्टीच्या कडेवर तोलली. पुठ्ठा १८ सेंटिमीटरवर स्थिर राहिला. तो आपला दाबबिंदू.

१५ आणि १८. तोल मागं, दाब पुढं. भगव्या टोपीचं रॉकेट उसात गेलं ते अशानंच. तेव्हा आम्ही हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर दोन बाटल्या आणि दोन रविवार वाचले असते.

बॉल घातल्यावर वजन १४० ग्रॅमच्या घरात गेलं आणि तोलबिंदू उडी मारून २७ वर आला. सत्तावीस वजा अठरा, नऊ. बरोबर एक व्यास. साठ ग्रॅमनं एवढा फरक का पडला? कारण ते वजन अगदी टोकाला आहे. तेवढंच वजन बाटलीच्या मध्यावर बांधलं असतं तर तोल जेमतेम हलला असता. तराजूचा दांडा आहे हा, भाजीवालीला विचारा.

पुठ्ठ्याची रीत रॉकेट वाऱ्याला पूर्ण आडवं आहे असं धरून चालते. प्रत्यक्षात सरळ जाणारं रॉकेट थोडंसंच तिरकं होतं, आणि तेव्हा पंखांचा प्रभाव जास्त असल्यानं खरा दाबबिंदू आणखी मागं असतो. म्हणजे पुठ्ठा जे सांगतो ते सावधपणाच्या बाजूचं असतं. नेमकं गणित हवं असेल तर १९६०च्या दशकात नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी छोट्या रॉकेटांसाठी सूत्रं मांडली, ती आजही वापरतात. पण रानात जाण्याआधी पुठ्ठा पुरेसा आहे.

अंतर कमी भरलं तर काय? आधी वजन पुढं सरकवा, नाक लांब करा. मग पंख मोठे करा. नुसतं वजन वाढवत गेलात तर उंची घटते, आणि नुसते पंख वाढवत गेलात तर शेपटीचं वजन वाढून तोलही मागं येतो. दोन्ही थोडं-थोडं.

दोऱ्याची परीक्षा

ही पायरी लोक टाळतात, लाज वाटते म्हणून. तोलबिंदूवर दोरा बांधा, सरकू नये म्हणून वरून पट्टी मारा. दोऱ्याला टांगल्यावर रिकामं रॉकेट आडवं, सपाट राहिलं पाहिजे. मग अडीच मीटरभर दोरा सोडून डोक्याभोवती गोल फिरवायला लागा, आधी हळू, मग वेग वाढवत. मोकळ्या जागेत, गच्चीवर नको. आमच्या गच्चीवर पहिल्याच फेरीत आईचे वाळत घातलेले सांडगे गेले.

नीट तोललेलं रॉकेट दोन-तीन फेऱ्यांत नाक पुढं करून धावतं, बैल जोखडात चालावा तसं. बिघडलेलं रॉकेट आडवं होऊन फडफडतं किंवा चक्क शेपूट पुढं करून उडतं. पहिली फेरी हाताच्या झटक्यानं चुकू शकते, म्हणून नाक हातानं पुढं करून सोडून दुसऱ्यांदा बघा. दोनदा नापास झालं तर रानात नेऊ नका.

लाँचर आणि हवा

लाँचरवर मोठा लेख होईल, इथं थोडक्यात. नव्या माणसाला रबरी बूच आणि त्यातून आरपार बसवलेला जुन्या ट्यूबचा वॉल्व पुरतो. दाब तीस-चाळीस पौंडांवर गेला की बूच स्वतःच सुटतं. स्लीव्ह तोंडाभोवती लोंबत असल्यानं लाँचर तिच्या आत मावेल एवढा बारीक ठेवा. रॉकेटभोवती तीन सळया उभ्या करा, पंखांच्या मधल्या जागांत, दोन-अडीच फूट उंचीच्या. बाटली त्यांच्यात सैल सरकली पाहिजे. सळया गवंड्याच्या ओळंब्यानं उभ्या आहेत का बघा. डोळ्याला सरळ दिसणारी सळई बहुतेक वेळा सरळ नसते. पाया डगमगत असेल तर सगळं तोलकाम फुकट, कारण रॉकेट सुटायच्या क्षणी मिळालेली कल पुढं वाढत जाते.

पाणी बाटलीच्या एक तृतीयांश, म्हणजे ४०० मिलिलिटर. पंप गेज असलेला पायपंप. आकडा पीएसआयमध्ये असतो, पंक्चरवाला ज्याला पौंड म्हणतो तोच. सुरुवातीला ४० पौंड भरपूर. ६० च्या वर नव्यांनी जायचं नाही. शॉपमध्ये कॉम्प्रेसर आहे, शंभर-सव्वाशे पौंड तयार आहे, असा मोह उद्यमनगरातल्या माणसाला होतोच. मलाही झाला होता. कॉम्प्रेसर लावायचा नाही. पंपाची नळी लांब ठेवा, माणसं किमान पाच-सहा मीटर मागं, डोळ्यावर चष्मा. हवा भरलेल्या रॉकेटवर कुणी वाकायचं नाही. बूच सुटलं नाही तर जवळ न जाता पंपाच्या बाजूनं हवा सोडायची. म्हणून पंपाजवळ हवा सोडायची सोय आधीच करून ठेवा.

जागा मोकळी हवी. गल्लीत नको, रंकाळ्यावर गर्दीत नको, आणि उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला तर अजिबात नको. तोड झालेलं रान उत्तम, फक्त शेजारचा ऊस उभा नाही हे बघून घ्या. वेळ सकाळी सात ते नऊ. माघ-फाल्गुनात दुपारी वारं सुटतं, मग काही खरं नाही. मूठभर पाचट उडवून बघा. एका बाजूला सरळ निघून गेलं तर चहा प्या आणि थांबा.

उड्डाण वाचायचं कसं

मोबाइलवर बाजूनं स्लो मोशन व्हिडिओ घ्या. डोळ्याला फक्त फवारा दिसतो.

पाणी संपेपर्यंत सरळ आणि संपल्याबरोबर आडवं, कोलांट्या: तोल मागं आहे. पंखाला हात लावू नका, नाकाकडं बघा. बॉल आत ढकलला गेलाय का, टोपीत पाणी शिरून खाली उतरलंय का.

सळयांतून बाहेर पडतानाच एका बाजूला झुकलं आणि त्याच बाजूला सरळ रेषेत गेलं: रॉकेट ठीक आहे, लाँचर वाकडा आहे किंवा पंख सळईला घासतोय. हे ओळखायला आम्हाला महिना लागला. रॉकेट तीन वेळा सोडवून बांधलं, आणि दोष होता पायाखालच्या ढेकळात.

स्क्रूसारखं गिरक्या घेत वर: एखादा पंख तिरका. सगळ्या गिरक्या सारख्या असतील तर थोड्या वाकलेल्या तिन्ही पंखांचं काम. एकाच बाजूला ओढत असेल तर एकाचंच.

वर जाता जाता वारा येतो त्या बाजूला वळत, वाऱ्यावर तोंड करून जाणं: हे मघाशी राहिलेलं. तोलबिंदू फारच पुढं असला किंवा पंख फार मोठे असले की रॉकेट वातकुक्कुटासारखं वागायला लागतं. सुटताना वेग कमी असेल तर हे जास्त दिसतं. अंतर दोन-अडीच व्यासांच्या पलीकडं गेलं असेल तर पंखांच्या कडा दोन बोटं कापून बघा. वारा नसताना असं होत नसेल तर रॉकेटला हात लावू नका, दिवस बदला.

आणि सरळ वर, वर थांबून, वळून, तसंच नाक खाली करून येणं. हे जमलं की पोरं ओरडतात, "नाद खुळा!", आणि नेमकी त्याच वेळी वर बघत खाली धावतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: रॉकेट जमिनीला लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, आणि नजर रॉकेटवरून काढायची नाही. पॅराशूट बसवायचं तर याच रॉकेटला बसवा. कोलांट्या खाणाऱ्याला बसवलं तर दोऱ्या पंखांत गुंतून दुसरंच काहीतरी होतं.

प्रत्येक उड्डाणानंतर हवेच्या बाटलीवर स्केचपेननं एक रेघ मारा. बाटली उजेडात धरून बघा. पांढरट सुरकुती, ओरखडा, बुडाला चीर दिसली की त्या बाटलीत परत हवा भरायची नाही. दहा-बारा रेघा झाल्या की काही दिसलं नाही तरी आम्ही ती बाद करतो. टाकत मात्र नाही. तिचा मधला भाग बारा सेंटिमीटरचा कापला की पुढच्या रॉकेटची स्लीव्ह तयार, आणि खांद्याचा भाग पुढची टोपी.